दोन पाट्यांची वाट

कुमुदबाईंकडे मोजायचा टेप नव्हता, छत्री होती. काळी, लाकडी दांड्याची, आणि दांड्यावर जखमेला लावतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचं वेटोळं. पाणंदीत, म्हणजे दोन दगडी कुंपणांमधल्या वाटेत, उभ्या राहून त्या ती छत्री एका गडग्यापासून आडवी धरायच्या आणि टोकापुढे आपल्या हाताच्या दोन विती मांडायच्या. दोन्ही विती मावल्या तर काही न बोलता पुढे जायच्या. मावल्या नाहीत तर थांबायच्या. ह्या मापाला त्या ‘दोन पाट्या’ म्हणत. बंदरावरून मासळीची भरलेली पाटी डोक्यावर घेऊन एक बाई येते, बाजारातून रिकामी पाटी घेऊन दुसरी परत जाते, आणि दोघी न थांबता, बोलता बोलता एकमेकींच्या बाजूने निघून जातात, एवढी रुंदी.

मी गवंडी माणूस. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं काम आणि सुके गडगे, म्हणजे चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड बसवून केलेलं कुंपण, हा माझा धंदा. शाळा तिसरीपर्यंत. लिहायची मला हौस नाही आणि लिही म्हणून मला कोणी सांगितलेलंही नाही. पण आता आमची पाणंद बघायला बाहेरची माणसं येतात, आणि त्यांना घेऊन येणारा नवा मुलगा माझ्या गडग्यासमोर उभा राहून सांगतो, की हा टेकायचा दगड, हा बसका, पंचायतीने बसवला. दोनदा मी आतून ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा वही काढली.

आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावरचं, ना धड शहर, ना धड खेडं. बंदर एका टोकाला, बाजार दुसऱ्या टोकाला. मोठा रस्ता बाहेरून वळसा घालून जातो. पाणंद मधून जाते, दोन्ही बाजूंना गडगे, वर फणस आणि आंबे, मध्ये एक विहीर आणि पुढे वहाळावरचा साकव, म्हणजे लहानसा पूल. बाजाराच्या तोंडाशी सरकारी दवाखाना. कुमुदबाई त्या दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या कट्टा गावाकडच्या. लग्न केलं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं ह्या पाणंदीतून पायी घरोघर फिरल्या. बाळंतिणी, देवीच्या लशी, म्हाताऱ्यांची ड्रेसिंगं. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्या कोणालाही ‘अरे’ करत आणि कोणी उलटून बोलत नसे.

रिटायर झाल्यावर माणूस घरी बसतो. त्या बसल्या नाहीत. सकाळी पेज जेवून निघायच्या. साडी नेसलेली, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बायका सुरुवातीला हसायच्या. वाटेत दगड आला तर तो ओलांडून कधी जायच्या नाहीत, बुटाने बाजूला करूनच पुढे जायच्या. झाडाची फांदी खाली आलेली दिसली तर ज्याचं झाड त्याला हाक मारायच्या. चालता चालता मध्येच उभ्या राहायच्या आणि स्वतःशी बोलल्यासारखं म्हणायच्या, “ह्या वाटेक हयसर दम लागता.” म्हणजे त्या जागी चढ आहे, ऊन आहे, आणि टेकायला काही नाही. दम त्यांना लागत नव्हता, वाटेला लागत होता. रोगी तपासावा तशा त्या गाव तपासत.

त्यांचं एकच पालुपद होतं. “सावली खंय, पाणी खंय, टेकूक जागा खंय?”

रेल्वे सुरू होऊन तीन-चार पावसाळे झाले असतील. पुण्याच्या एका कॉलेजातले दाढीवाले सर पंधरा-वीस मुलं-मुली घेऊन कणकवलीला उतरले आणि आमच्या गावात आले. घरं, गावं कशी बांधावी ह्याचं शिक्षण घेणारी मुलं. हॉटेलवाल्याने त्यांना चार रिक्षा करून दिल्या आणि गाव दाखवायला सोडलं. मोठ्या रस्त्यावर भर दुपारी फोटो काढायला उतरले, तिथे झाड नाही, काही नाही. एक मुलगी चक्कर येऊन पडली. रिक्षावाल्याने तिला कुमुदबाईंच्या पडवीत आणून ठेवली, कारण दवाखाना दुपारचा बंद.

मी त्या दिवशी त्यांच्या पडवीचा चिरा बसवत होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोरचं. बाईंनी मुलीला निजवली, पाय उंच केले, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मग सरांकडे बघून विचारलं, इतक्या उन्हात मुलांना कुठे फिरवत होता? सर म्हणाले, गाव दाखवत होतो. बाई मालवणी सोडून ऑफिसच्या मराठीत गेल्या. रागावल्या की त्या नेहमी तिकडे जात.

“सर, गाव बघायला आलात ना? मग खाली उतरा. रिक्षातून फक्त रिक्षावाल्याची पाठ दिसते.”

उन्हं उतरल्यावर त्यांनी स्वतः त्या पोरांना पाणंदीत नेलं. बंदरापासून बाजारापर्यंत अर्ध्या तासाची वाट, त्यांना अडीच तास लागले. दर वर्षी मग डिसेंबरात ते सर यायचे. पुढे पुढे हॉटेलात उतरलेली माणसं, आमच्याच शाळेतल्या बाई, मुंबईहून सुट्टीला आलेली गाववाली, असे रविवारी सकाळी बंदरावर जमू लागले. बाई पुढे, छत्री हातात. पैसे घेत नसत. उशिरा येणाऱ्याला थांबत नसत. पुढे जाऊन जो फोटो काढील त्याला छत्रीने मागे ओढत.

सर मोठे शब्द वापरायचे. शाश्वत नगररचना, पादचाऱ्यांना प्राधान्य. बाईंनी एकदा मुलांसमोरच त्यांना अर्थ विचारला. सरांनी समजावलं, की असं बांधायचं जे नातवंडांच्या वेळीही टिकेल, आणि गाडीच्या आधी पायाचा विचार करायचा. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “नवव्या महिन्यातली बाई जिथून एकटी चालत दवाखान्यात येऊ शकते, तो रस्ता चांगला. बाकीचं तुम्ही वहीत लिहा.” पोरांनी ते वाक्यच वहीत लिहून घेतलं. मला हसू आलं होतं. आता येत नाही.

मग पाणंदीवर गंडांतर आलं. पर्यटक वाढले, गाड्या वाढल्या, आणि कचेरीतून बातमी आली की पाणंद रुंद करून डांबरी करायची, म्हणजे गाडी बंदरापर्यंत सरळ जाईल. दोन्ही बाजूंचे गडगे दहा-दहा हात मागे, झाडं तोडायची, विहीर बुजवायची. कारण कागदावर असं होतं, की वाट अरुंद पडते अशी लोकांचीच तक्रार आहे. तक्रार खरी होती. वाट अरुंद पडत होतीच.

पाहणीला इंजिनियर आला. तरुण होता, स्वभावाने वाईट नव्हता. बाई त्याच्यासोबत निघाल्या, मागे आम्ही दहा-पंधरा जण. चैत्र संपत आलेला, दुपारचे बारा. बाजाराच्या नाक्यावर डांबरी रस्ता सुरू होतो तिथे बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “साहेब, बूट काढा.” तो हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी आपले कॅनव्हासचे बूट आधीच काढून हातात घेतले होते. त्या पासष्टीच्या बाईपुढे त्या पोराला बूट काढावेच लागले. डांबरावर आठ पावलं गेला असेल. मग जो उड्या मारत पाणंदीत शिरला तो थेट फणसाखाली जाऊन थांबला. चिऱ्याच्या दगडावर पाय टेकले तेव्हा त्याच्या तोंडातून आपोआप ‘हां’ निघालं. मासळीवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाईंनी एवढंच सांगितलं, की ह्या बायका चपला घालत नाहीत. आणि हा जांभा दगड पावसाचं पाणी पितो, डांबर पीत नाही, ते ह्या घरांत शिरेल.

इंजिनियरने बूट घातले आणि म्हणाला, बाई, तुमचं पटतं. पण मला वर कागद द्यायचा आहे. पाणंद आहे तशी ठेवा म्हणून मी कसं लिहू, जर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं?

बाई म्हणाल्या, “वाट अरुंद नव्हती. ती खाल्ली गेली आहे. ज्याने त्याने हात हात परत दिला तर झाडाला हात लावायचं काम नाही. मला एक वर्ष द्या.”

त्याने पुढच्या वर्षीच्या पाहणीपर्यंत कागद थांबवतो म्हटलं. ह्या गोष्टीत कोणी काय खाल्लं होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. दुसऱ्याच कोणाचं तरी असेल असं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात बसून, दगड घडवायच्या टाकीला धार लावत होतो. बाहेर बाईंचा घोळका आला. नेहमी माझ्या गडग्याजवळ आल्यावर त्या लोकांना सांगत, की हे काम बाबल मेस्तांचं, सुरीचं पातं आत जाणार नाही. मी आत बसून ऐकत असे, आणि ऐकत नाही असं दाखवत असे. त्या दिवशी तसं काही ऐकू आलं नाही. मी उठून बघितलं. बाईंनी छत्री आडवी धरली होती. एक वीत मावली. दुसरी मावली नाही.

वीस माणसांसमोर त्या मला म्हणाल्या, “मेस्त, तुझ्या गडग्याक पाय फुटलेत.”

मी म्हटलं, “बाय, हो गडगो माझ्या बापाशीच्या जाग्यार आसा.”

“तुझ्या बापाशीन वाटेर एक दगड बसवलेलो. पाट्ये टेकवूक. तो खंय गेलो?”

मी मागे वळून बघितलं. माझ्या खळ्यात, गडग्याच्या आतल्या बाजूला, एक लांब रुंद चिरा दोन दगडांवर बसवलेला आहे. त्यावर मी हत्यारं ठेवायचो, सुमती, म्हणजे माझी बायको, कपडे आपटायची. तो बसका माझ्या बापाने घडवला होता, आणि तो वाटेवर होता. मासळीवाल्या त्यावर पाटी टेकवून घाम पुसायच्या, हे मी लहानपणी रोज बघितलेलं. पण तो आत कधी आला ते मी सांगू शकत नव्हतो.

बाई थांबल्या नाहीत. “तुझ्या बायलेक कळा येय होत्यो, तेवा चलत दवाखान्यात नेताना मी तिका त्याच दगडार बसवलेलंय. घटकाभर बसली म्हणान पुढे चलाक गावला. तुझा चेडू माझ्या हातार झाला. इसारलंस?”

मी चोर नव्हे. हे मी तेव्हाही ओरडून सांगितलं आणि आता लिहूनही सांगतो. सुका गडगा पावसात ढासळतो. दरवर्षी नाही, पण तीन-चार वर्षांनी कुठेतरी पोट काढतो आणि पडतो. पडतो तो उताराकडे, म्हणजे वाटेच्या बाजूला. पावसानंतर बांधायला घेतला, की दगड जिथे पडलेत तिथूनच उचलून रचायला सुरुवात होते. पायाचे मोठे दगड कोण मागे ओढतो? आतल्या बाजूला माती साचलेली असते, ती तशीच राहते. चार बोटं, कधी सहा. आमच्याकडे सगळेच गवंडी असेच बांधतात. चाळीस वर्षांत माझा गडगा चार बोटं, चार बोटं करत वाटेवर गेला आणि बापाचा बसका मागे टाकून पुढे निघून गेला. मी तो दहा-बारा वेळा माझ्याच हाताने बांधला, आणि मला एकदाही दिसलं नाही. माझ्या हाताचा गडगा तालुक्यात ओळखतात. त्यामुळे ते जास्त झोंबलं.

मी बाईंना म्हटलं, की माझ्या जागेचा कागद माझ्याकडे आहे, तुम्ही नर्स आहात, सुई टोचा, गडगे मोजू नका. घोळक्यातलं कोणीतरी हसलं. बाईंनी छत्री काखेत मारली आणि पुढे गेल्या.

अडीच महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी अबोला धरला असं म्हणता येणार नाही, कारण त्यांनी वाट टाकली नाही. दर रविवारी घोळका घेऊन माझ्या गडग्यासमोर यायच्या आणि थांबायच्या. लोकांना काही सांगायच्या नाहीत. त्यांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. एक हात माझ्या गडग्यावर ठेवून उभ्या राहायच्या, श्वास घ्यायच्या, आणि निघायच्या. सुमती आतून तांब्या घेऊन जायची आणि गडग्यावरून त्यांना पाणी द्यायची. परत आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणायची, “बाय उभी आसा. तुमी बसा आरामात.” मी बसल्या जागी बसून असे. तेव्हापासून त्या बसक्यावर मात्र मी बसलो नाही, आणि हत्यारंही तिथून उचलली.

एक गोष्ट मला त्या अडीच महिन्यांत कळली. माझ्या गडग्याच्या दोन्ही टोकांना मासळीवाल्या बायका हाक घालायच्या. “रव गो, भरलेली आसा.” वर्षानुवर्षं मी ती हाक ऐकत होतो. मला वाटायचं मागून येणाऱ्या सोबतिणीला थांबवतात, बायकांचं आपसातलं काहीतरी. आता लक्ष देऊन ऐकलं, तर ती हाक पाणंदीत दुसरीकडे कुठेच नव्हती. फक्त माझ्या गडग्यापाशी. भरल्या पाटीवालीने हाक द्यायची, आणि रिकाम्या पाटीवालीने वीस पावलं मागे जाऊन फणसाच्या बुंध्याला चिकटून उभं राहायचं. गावातल्या बायकांनी माझ्या गडग्यासाठी एक रीत पाडली होती, आणि मला कोणी कधी बोललं नव्हतं.

हे कळल्यावरही मी हाललो नाही. खोटं कशाला लिहू. मनात असं होतं, की आता मागे घेतला तर गाव म्हणेल बाईने मेस्ताला वाकवला.

त्या वर्षी आषाढात गडगा पडला. मधलाच भाग, बरोबर बसक्यासमोरचा, दहा-बारा हात. वाट अडली. उघडीप मिळाली त्या सकाळी मी दगड बाजूला करायला घेतले. वाटेत ढीग ठेवून चालत नाही, म्हणून पावसाळ्यातच बांधणं भाग होतं. दोरी लावली. कुठे लावली, तर उरलेल्या गडग्याच्या रेषेत, पूर्वी होती तिथेच. पायाचे दगड मांडू लागलो.

कुमुदबाई आल्या. एकट्याच, छत्री उघडी, थेंब पडत होते. मी मान वर केली नाही. त्या वाटेवर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग माझी दोरी ओलांडली, ढासळलेल्या दगडांच्या बाजूने आत आल्या, आणि त्या बसक्यावर जाऊन बसल्या. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. वर छत्री.

मी काम करत राहिलो. एक थर झाला. दुसरा थर सुरू केला. त्या साकवाकडे बघत होत्या. तिसरा थर चढवायला वाकलो आणि समोर बघितलं, तर थर त्यांच्या गुडघ्यांइतका झाला होता. मी एका म्हाताऱ्या बाईभोवती गडगा बांधत होतो, गोठ्यात गुरं घालावीत तसा.

म्हटलं, “बाय, उठा. काम करूक होया.”

“कर मा. मी खंय धरलंय तुका?”

“तुमी माझ्या खळ्यात बसलासात.”

त्या म्हणाल्या, “मी वाटेर बसलंय.” आणि थोड्या वेळाने, अगदी दवाखान्यातल्या आवाजात, “बांध, बांध. माका भायर कशी काढशीत, ता मगे बघू.”

सुमती दारात उभी होती. तिच्या हातात तांब्या होता, पण ती पुढे आली नाही. पाणी ती नेहमी गडग्यावरून द्यायची, आणि गडगा अजून तेवढा उंच झाला नव्हता.

दगड माझ्या हातात होता. मग तो खाली टाकला, खुंटी उपटली आणि दोरी गुंडाळली. बसक्याच्या मागे गेलो. माती उकरली. दीड हात खाली बापाच्या पायाचे दगड लागले. तसेच्या तसे, एका रेषेत, एकही हललेला नव्हता. त्या दगडांवर मी दोरी लावली.

बाईंनी मागे वळून बघितलं नाही. दुपारी भूक लागली तेव्हा उठल्या, छत्री टेकत निघाल्या. मी म्हटलं, “लोकांनी इचारल्यान तर सांगा, माडाचा मूळ गडगो ढकलीत होता, म्हणान मागे घेतलंय.”

“बरा,” त्या म्हणाल्या. आणि खरोखर तसंच सांगितलं. मी आतून ऐकलं आहे.

तेवढाच भाग मागे घेऊन भागलं नाही, सगळा गडगा काढून पुन्हा बांधावा लागला. गणपतीपर्यंत काम चाललं. समोरच्या दोन घरांनी आपणहून विचारलं, मेस्त, आमचा कुठे येतो? मी उकरून दाखवला. सगळ्यांचे बापजाद्यांचे पाये खाली तसेच होते. आणखी तिघांनी मागे घेतले. एकाने घेतला नाही, त्याचं नाव लिहीत नाही, तो गडगा अजून तसाच आहे. चैत्रात इंजिनियर परत आला, ह्या वेळी चपला घालून. बाईंनी त्याच्याच हातात छत्री दिली आणि बंदरापासून बाजारापर्यंत मोजायला लावली. त्याने काय कागद दिला मला ठाऊक नाही. झाडं उभी आहेत, विहिरीला पाणी आहे, गाडी अजून बाहेरच्या रस्त्यानेच जाते.

डिसेंबरात दाढीवाले सर आले तेव्हा बाई त्या बसक्यावर बसल्या. मुलं भोवती उभी. त्यांनी सांगितलं, “हा दगड बाबल मेस्तांच्या वडिलांनी बसवला. कोणाच्या सांगण्यावरून नाही. बायकांना टेकायला.” मग गडग्याकडे छत्री दाखवून म्हणाल्या, “आणि हे काम मेस्तांचं. हात लावून बघा.” पोरं एकेक करून हात लावून गेली. मी आत होतो. सुमतीने माझ्याकडे बघितलं. मी टाकीला धार लावत होतो, तिला धार आधीच आलेली होती.

पुढची तीन-चार वर्षं त्या फिरवत राहिल्या. वाट तीच, वेळ वाढत गेला. अडीच तासांचे तीन झाले, मग साडेतीन. बसायच्या जागा वाढल्या, म्हणजे होत्या त्याच, पण बाई प्रत्येक ठिकाणी बसू लागल्या. शेवटी गुडघ्यांनी ऐकलं नाही. नांदगावला त्यांचा भाचा होता, स्टेशनाजवळ घर, त्याने घेऊन जायचं ठरवलं.

जायच्या दिवशी रिक्षा बाजाराच्या नाक्यावर उभी होती. भाचा म्हणाला, आतपर्यंत आणू का? घासून-पुसून येईलही. बाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो सामान उचलून पुढे गेला. त्या मागून एकट्या चालत आल्या. पायात तेच पांढरे बूट. माझ्या गडग्यापाशी बसक्यावर बसल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. सुमतीने कोकमाचं सरबत दिलं, आता गडग्यावरून नाही, दारातून जाऊन. बाई दगडावर हात टेकवून म्हणाल्या, “थंड आसा हो दगड.” एवढंच.

तेवढ्यात बंदराकडून भरल्या पाटीची बाई आली. कुमुदबाई लगबगीने उठल्या, बसका मोकळा केला. तिने पाटी टेकवली, पदराने तोंड पुसलं, चुंबळ सारखी केली आणि विचारलं, बाय, खंय चलल्यात? बाईंनी सांगितलं, नांदगावाक. ती म्हणाली, थय बांगडे ताजे गावाचे नाय हां. बाई हसल्या. मग त्या निघाल्या, आणि ती पाटी उचलून त्यांच्या मागोमाग निघाली.

समोरून बाजारातून रिकाम्या पाटीवाली येत होती. कोणी हाक घातली नाही. दोघी माझ्या गडग्यासमोर एकमेकींच्या बाजूने गेल्या, आज बाजारात काय भाव ते बोलत बोलत, आणि कोणाची पाटी कोणाला लागली नाही.

कुमुदबाई पुढे होत्या. ज्या जागी त्या नेहमी मोजायला थांबायच्या, तिथे मी बघत राहिलो. छत्री काखेत होती. त्यांनी ती काढली नाही, आडवी धरली नाही. वाटेत एक दगड होता, तो बुटाने बाजूला केला आणि फणसाच्या सावलीतून नाक्याकडे निघून गेल्या.